अंतर्मुख, बहिर्मुख आणि ऑफिसातली चार अक्षरं

गवती_चहा

आमच्या ऑफिसात मध्यंतरी एचआरने सगळ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. मायर्स-ब्रिग्ज धर्तीची, भरपूर प्रश्न आणि शेवटी चार अक्षरं. तेव्हापासून डबा खाताना लोक एकमेकांना 'तू आय की ई?' असं विचारायला लागलेत. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने तर लग्नाच्या बायोडेटात रास, नक्षत्र, नाडी यांच्या खालच्या ओळीत ती अक्षरं टाकली. मला 'आय' आलं, म्हणजे अंतर्मुख, आणि लगेच क्लायंटपुढच्या प्रेझेंटेशनमधून माझं नाव गळलं. 'तुला उगाच त्रास नको' म्हणे! मला चारचौघांत बोलायचा काडीचा त्रास होत नाही. बोलून झाल्यावर तासभर कुणी हाक मारू नये, एवढंच वाटतं.

डोकं फिरलं म्हणून वाचायला बसले. हाती लागलं ते इथे टाकते, जाणकारांनी भर घालावी.

अंतर्मुख (आय) आणि बहिर्मुख (ई) ही जोडी मानसशास्त्रात रुजवली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल युंगने. सप्टेंबर 1913 मध्ये म्युनिकला मनोविश्लेषणवाल्यांची परिषद भरली होती. युंग आणि फ्रॉइड यांचं तोवर पुरतं फाटलं होतं, आणि ही त्यांची शेवटची गाठ. तिथल्या व्याख्यानात युंगने ही विभागणी मांडली. त्याला पडलेला प्रश्न मला फार आवडला. फ्रॉइड आणि अॅडलर, दोघंही हुशार, दोघंही रुग्ण तपासणारे. मग एकाच प्रकारच्या रुग्णाकडे बघून फ्रॉइडला सगळं मूळ आईवडील, प्रेम, ओढ असं बाहेरच्या माणसांशी असलेल्या नात्यात का दिसतं, आणि अॅडलरला ते रुग्णाच्या स्वतःच्या न्यूनगंडात आणि वरचढ होण्याच्या धडपडीत का दिसतं? युंगचं म्हणणं असं की बघणाऱ्यांचा कलच वेगळा. 1921 साली त्याचा 'सायकॉलॉजिकल टाइप्स' हा जाडजूड ग्रंथ जर्मनमध्ये आला, त्यात हे सविस्तर आहे. बाहेरची वस्तू, माणूस, घटना समोर आली की बहिर्मुख तिच्याकडे झेपावतो. अंतर्मुख आधी एक पाऊल मागे घेतो आणि तिच्यामुळे आपल्या आत काय उमटलं ते बघतो. पार्टीत कोण कोपऱ्यात उभं राहतं, हा त्याचा विषयच नव्हता. शिवाय दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात, एक पुढे असते आणि दुसरी नेणिवेत दबून राहते, हेही त्याने सांगून ठेवलं होतं.

1923 साली त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर आलं आणि अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज या बाईंच्या हाती पडलं. त्या स्वतःच माणसांचे प्रकार पाडायच्या खटपटीत होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स हिने त्यावरून प्रश्नावली रचायला घेतली. पुरुष लढाईवर गेल्यामुळे बायका नव्यानेच कामाला लागत होत्या, तर कुणाला कुठलं काम मानवेल हे कळावं, असा हेतू. मायलेकींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. 1962 साली प्रश्नावली छापून आली आणि युंगच्या त्या 'प्रत्येकात दोन्ही'चा तिथे निकाल लागला. आय किंवा ई. मधलं काही नाही.

---

निवांत_नाना

आमच्या वेळी अंतर्मुख वगैरे काही नव्हतं. पोरगं घुमं आहे म्हणायचे, पाहुण्यांपुढे उभं करून पाढे म्हणायला लावायचे. नाही म्हटलं की पाहुणे गेल्यावर प्रसाद. चाचणी फुकट, निकाल जागेवर.

---

तर्कटराव

धागा चांगला आहे ताई, नानांकडे लक्ष देऊ नका.

'मधलं काही नाही' हाच त्या चाचणीचा खरा आजार. हा गुण उंचीसारखा आहे. गावातल्या सगळ्यांची उंची मोजली तर बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात येतात, टोकाला थोडे. बहिर्मुखता मोजली की असाच घंटेच्या आकाराचा आलेख येतो, दोन वेगळे उंचवटे येत नाहीत. आता मधोमध रेघ मारून अलीकडचे बुटके आणि पलीकडचे उंच ठरवले, तर रेघेच्या अगदी लगतचे दोघं वेगळ्या जातीचे ठरतात, आणि लगतचा व टोकाचा मात्र एकाच जातीचे! त्यामुळेच काही आठवड्यांनी तीच चाचणी परत दिली की बऱ्याच जणांचं निदान एखादं अक्षर तरी बदलतं. तुमचं 'आय' किती होतं, काठावरचं की ठळक, हे एचआरने सांगितलं का?

दुसरं म्हणजे, ही चाचणी नोकरीला घेण्यासाठी किंवा कामासाठी माणसं निवडायला वापरू नये, असं ती विकणारेच सांगतात. आपल्याला स्वतःची ओळख पटावी, टीममध्ये बोलणं सुरू व्हावं, एवढ्यापुरतीच ती आहे. एचआरला मेल लिहिलात तर तेवढं त्यात घाला.

---

लाजाळू_बोलघेवडा

माझी केस कुठल्या रेघेत बसवायची सांगा. मला माणसं लागतात. शनिवारी घरी एकटा पडलो की भिंती खायला उठतात. पण लग्नाच्या हॉलमध्ये शिरायचं म्हटलं की तळव्यांना घाम. दारात चपला ठेवायच्या निमित्ताने वाकून मी आत ओळखीचं कोण आहे ते बघत बसतो. एकदा एखादा मामेभाऊ सापडला आणि टेबलाशी बसलो, की मग पंगत उठेपर्यंत मला कुणी गप्प करू शकत नाही. बायको म्हणते, तू अंतर्मुख नाहीस, नाटकी आहेस.

---

बीए_च्या_मॅडम

वहिनींना सांगा, नाटक नाही. हे अगदी पुस्तकातलं उदाहरण आहे. (मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.)

लाजाळूपणा आणि माणसांची आवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चीक आणि बस या संशोधकांनी 1981 साली दाखवून दिलं. लाजणारा माणूस लोकांत अवघडतो कारण त्याला भीती असते, लोक काय म्हणतील याची. माणसांची आवड कमी असलेल्याला भीती नसते, त्याला फक्त तेवढी गरज वाटत नाही. सगळ्यात जास्त ओढाताण होते ती तुमच्यासारख्यांची, कारण हवंही असतं आणि भीतीही वाटते. स्वभाव पाच गुणांवर मोजणाऱ्या, आज सर्वाधिक वापरात असलेल्या पंचघटक पद्धतीतही बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता हे दोन स्वतंत्र घटक आहेत. एक कमी असला की दुसरा जास्तच असेल, असं मुळीच नाही. गवती_चहा ताईंच्या एचआरने नेमकी इथेच गल्लत केलीय. 'आय' बघून त्यांनी 'घाबरट' वाचलं.

युंगनंतर या विषयाला प्रयोगशाळेत ओढलं ते हान्स आयझेंकने. जन्म बर्लिनचा, 1916 चा. नाझी आल्यावर 1934 साली त्याने देश सोडला आणि पुढे लंडनमध्ये आयुष्य काढलं. 1967 मध्ये त्याने शरीरातलं कारण मांडलं. मेंदूच्या बुंध्याशी पेशींचं एक जाळं असतं, ते वरच्या मेंदूला किती जागं ठेवायचं ते सांभाळतं. अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून थोड्या गडबडीने त्यांचं भागतं आणि जास्तीची नकोशी होते. बहिर्मुखांचा मेंदू सुस्त, म्हणून ते बाहेरून आवाज, माणसं, धमाल ओढून घेतात, असा त्याचा दावा होता.

यातला 'मुळातच जागा' हा भाग पुढच्या तपासण्यांत डळमळला. शांत बसलेल्या दोघांच्या मेंदूत ठाम फरक दरवेळी सापडत नाही. पण उद्दीपन मिळाल्यावर अंतर्मुखांची प्रतिक्रिया जास्त उमटते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. त्याचा एक घरगुती प्रयोग आहे, मी वर्गात करून घेते. कान साफ करायची काडी घ्यायची, दोन्ही टोकांना कापूस असलेली. बरोबर मधोमध दोरा बांधायचा, म्हणजे उचलल्यावर ती आडवी तरंगली पाहिजे. एक टोक जिभेवर 20 सेकंद धरायचं. मग जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकायचे आणि दुसरं टोक तिथेच 20 सेकंद धरायचं. आता दोऱ्याने काडी उचला. लिंबानंतर लाळ जास्त सुटली असेल तर ते टोक खाली झुकतं. अंतर्मुखांची काडी सरासरीने जास्त झुकते. *सरासरीने* हा शब्द ठळक वाचावा. एकट्यादुकट्याचं निदान यावरून करायचं नसतं.

---

निवांत_नाना

मॅडम, प्रयोग केला. आमच्या हिची काडी सपशेल खाली झुकली आणि माझी जागची हलली नाही. म्हणजे 40 वर्षं सोसायटीच्या हळदीकुंकवाला पुढे असणारी बाई अंतर्मुख, आणि पेपराआड तोंड लपवून बसणारा मी बहिर्मुख. आता घरात 'मला त्रास देऊ नकोस, माझा स्वभाव आहे' असं म्हणायचा हक्क कुणाचा, यावर वाद सुरू आहे.

---

बीए_च्या_मॅडम

नाना 😂 लोणचं खाऊन बसला होतात का? त्याने सगळं बिघडतं.

---

खिडकीपाशी

आपल्याकडे अंतर्मुखांना मानाचं स्थान होतंच की. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे. पश्चिमेने हे 1921 साली शोधलं एवढंच.

---

तर्कटराव

आणि तेच तुकोबा रात्री टाळकऱ्यांच्या गराड्यात कीर्तनाला उभे राहायचे. गेलेल्या माणसाला चाचणी देता येत नाही हो. आणि दिली असती तरी तुकाराम कुठल्या खोक्यात बसतात, हे कळून अभंग जास्त कळणार आहेत का?

बाकी, युंग भारतात आलेला होता. 1937 च्या अखेरीस मुंबईत उतरला, कारण 1938 च्या जानेवारीत कलकत्त्याला इंडियन सायन्स काँग्रेसचा रौप्यमहोत्सव होता. कलकत्त्यात त्याला आव झाली आणि दवाखान्यात पडून राहावं लागलं. गंमत म्हणजे दक्षिणेत जाऊनही तो तिरुवन्नामलैला रमण महर्षींना भेटायला मुद्दाम गेला नाही. साधुसंतांना टाळलं, असं त्याने पुढे आपणहून लिहून ठेवलंय. त्याला म्हणे स्वतःचं सत्य स्वतःकडूनच घ्यायचं होतं. माझ्या मते 'आधी एक पाऊल मागे'चं याहून चांगलं उदाहरण त्याच्या ग्रंथातही नसेल.

---

विमावाला

मॅडमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. आमच्या धंद्यात बहिर्मुखच चालतो असं शाखेत पहिल्या दिवशी ठसवतात. 'जिभेवर साखर, पायाला भिंगरी.' मी बोलतो कमी, समोरच्याला बोलू देतो. जास्त बोलणारा आमचा एक गडी गिऱ्हाईकाच्या मुलीच्या दहावीचा निकाल विचारायच्या आधीच पॉलिसीचे हप्ते सांगून मोकळा होतो. मग दार बंद. मला कधीच फार मोठं टार्गेट जमलं नाही, पण पॉलिसी लॅप्सही फारशा होत नाहीत.

---

बीए_च्या_मॅडम

विमावाला, तुमच्या धंद्यावर अभ्यास आहे. अॅडम ग्रँटने 2013 साली फोनवर विक्री करणाऱ्या 340 जणांची बहिर्मुखता मोजली आणि त्यांची कमाई बघितली. सर्वात बहिर्मुख पुढे नव्हते, सर्वात अंतर्मुखही नव्हते. बाजी मारली ती मधल्यांनी, ज्यांना उभयमुखी म्हणतात. तर्कटरावांच्या आलेखात मधे गर्दी असते ना, तेच हे लोक. गंमत म्हणजे चार अक्षरी चाचणीत त्यांना जागाच नाही.

---

मेलबर्नकर

इथे 'मी इंट्रोव्हर्ट आहे' हे वाक्य ढालीसारखं वापरणारे खूप भेटतात, मराठी मंडळातही. गणपतीच्या आरतीला नाव द्यायचं, मग 'आज सोशल बॅटरी संपली'. खुर्च्या लावायला कुणीच नाही. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

विल्यम फ्लीसन या अमेरिकन संशोधकाने लोकांना दिवसभरात पुन्हा पुन्हा विचारलं, आत्ता कसे वागताय आणि कसं वाटतंय. कळलं असं की एकच माणूस दिवसाच्या ओघात अंतर्मुखही वागतो आणि बहिर्मुखही, आणि बहिर्मुख वागलेल्या वेळी त्याचा मूड जास्त चांगला असतो. 2002 सालचं हे काम. अंतर्मुखांचंही तसंच निघालं. झेलेन्स्की वगैरेंनी 2013 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, की अंतर्मुख लोक आधीच धरून चालतात की मजा येणार नाही, आणि प्रत्यक्षात त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त मजा येते. म्हणजे ज्याला आपण 'स्वभाव' म्हणतो त्यातला काही भाग चुकलेला अंदाज असतो. लग्नाला जायच्या आधी कुरकुर, परत येताना 'बरं झालं गेलो'. कुणाला हा अनुभव नाही?

---

गवती_चहा

मेलबर्नकर, अनुभव आहे. पण परत आल्यानंतरची रात्र त्या अभ्यासात मोजली का? आणि एक आठवडा रोज तसं वागायला सांगितलं तर?

---

मेलबर्नकर

सांगितलंय, आणि आमच्याच गावच्या विद्यापीठातल्या लोकांनी. 2019 साली मेलबर्नच्या गटाने लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला लावलं. एकूण सरासरी सुधारली, पण जे मुळात जास्त अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, थकवा जास्त आला आणि आपण खोटं वागतोय असंही वाटलं. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या एका प्रयोगात मात्र आठवडाभर बहिर्मुख वागल्यावर लोक खुशच होते. त्यामुळे तुमचा मुद्दा निम्मा मान्य. खुर्च्या लावायला मात्र बॅटरी लागत नाही!

---

तर्कटराव

मॅडमनी आयझेंकचं नाव घेतलंय म्हणून एक इशारा. 2019 साली किंग्ज कॉलेज लंडनने चौकशी करून त्याच्या 26 शोधनिबंधांवर विसंबू नये असं जाहीर केलं. व्यक्तिमत्त्वामुळे कॅन्सर आणि हृदयविकार होतो असं सांगणारे, ग्रोसार्त-मातिचेक नावाच्या सहकाऱ्याबरोबर लिहिलेले ते निबंध. त्यातले आकडे विश्वास बसण्यापलीकडचे होते. अंतर्मुखतेचं मूळ काम त्यात येत नाही, पण 'आयझेंक म्हणाला' एवढ्यावर काही गिळू नये.

---

बीए_च्या_मॅडम

रास्त. बहिर्मुखता हा घटक आयझेंकच्या खांद्यावर उभा नाही. इतर अनेकांच्या स्वतंत्र कामातून तो पुन्हा पुन्हा निघालाय. शिवाय आजकाल वजन 'जागेपणा'पेक्षा बक्षिसाच्या ओढीवर आहे. बढती, वाहवा, नवी ओळख असं काही मिळायची शक्यता दिसली की बहिर्मुखांच्या मेंदूतली डोपामिन या रसायनाची यंत्रणा जास्त उसळते असा तर्क आहे. अंतर्मुखाला ती वाहवा कडू लागत नाही, तिच्यासाठी धावत सुटावंसं वाटत नाही इतकंच.

---

नागपूरकरीण

इतकं सगळं वाचून माझा प्रश्न विचारते. मुलगी दुसरीत. प्रगतिपुस्तकात 'वर्गात बोलत नाही, सहभाग कमी' असा शेरा. बाईंनी सुचवलं की नाटकाच्या शिबिरात घाला म्हणजे धीट होईल. घरी ती इतकी बोलते की आजोबा श्रवणयंत्र काढून ठेवतात. सासूबाई म्हणतात, तान्ही असताना इतकी रडकी होती, आता गप्प कशी झाली? अंतर्मुख समजून सोडून देऊ की काही करू?

---

बीए_च्या_मॅडम

आधी सासूबाईंचं कोडं. ते उलटं आहे असं सगळ्यांनाच वाटतं. जेरोम केगन या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञाने चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, स्पिरिटच्या बोळ्याचा वास दिला. साधारण 20 टक्के बाळं हातपाय झाडून रडली, 40 टक्के निवांत पडून राहिली. मोठेपणी सावध, मागे राहणारी मुलं जास्त निघाली ती रडणाऱ्यांतून. त्यांना जग जरा जास्त जोरात ऐकू येतं. पण रडलेलं प्रत्येक बाळ तसं झालं नाही, हेही केगननेच दाखवलं. जुळ्यांच्या अभ्यासावरूनही व्यक्ती-व्यक्तींमधला साधारण निम्माच फरक आनुवंशिकतेकडे जातो.

आता मुलीबद्दल. तीन गोष्टी बघा. वर्गात एखादी तरी मैत्रीण आहे का, जिच्याशी ती बोलते? बाईंनी थेट विचारलं तर हळू का होईना उत्तर देते का? पाण्याची बाटली, बाथरूम असं काही लागलं तर मागते का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर शेरा वाचून बाजूला ठेवा आणि बाईंना सांगा की अचानक उभं करू नका, 'उद्या तुला हा धडा वाचायचाय' असं आदल्या दिवशी सांगा. पण घरी धबधबा आणि शाळेत महिनोन्‌महिने *एकही* शब्द नाही, अगदी बाथरूमलासुद्धा विचारत नाही, असं असेल तर तो स्वभाव नव्हे. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, तो चिंतेचा विकार आहे, आणि बालमानसतज्ज्ञाकडे लवकर गेलं तर फरक पडतो. अशा मुलीला नाटकाच्या शिबिरात ढकलणं म्हणजे शिक्षा.

---

नागपूरकरीण

मैत्रीण आहे, बाटली मागते. थेट विचारल्यावरचं बाईंना विचारते. मनापासून आभार मॅडम.

---

गवती_चहा

तर्कटरावांचा मुद्दा एचआरला कळवला. 'पुढच्या तिमाहीत पॉलिसी रिव्ह्यूमध्ये घेऊ' असं उत्तर आलंय, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. टीम लीडकडे गेले तर त्याने निमूटपणे नाव परत घातलं. त्याला ती अक्षरं आठवतही नव्हती.

---

पेठेतला_परीक्षार्थी

धाग्याला उशीर झाला, पण विचारतो. एमपीएससी करतोय, सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो. रूम पार्टनर कानात गाणी लावून राज्यघटना पाठ करतो आणि मार्कही घेतो. मी लावली की कलम आणि कडवं एकत्र होतं. माझ्यात एकाग्रता कमी का?

---

बीए_च्या_मॅडम

नाही. रसेल गीन या संशोधकाने 1984 साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन्ही गटांना आवाज हवा तेवढा ठेवायची मुभा देऊन शिकायचं काम दिलं. अंतर्मुखांनी आवाज कमी ठेवला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या आवाजात दोघंही सारखेच शिकले. अदलाबदल केली की दोघांचंही बिघडलं. फर्नहॅम आणि ब्रॅडली यांनी 1997 मध्ये पॉप संगीत लावून वाचायला दिलं, तेव्हाही अंतर्मुखांचं नुकसान जास्त झालं. पार्टनरची पद्धत त्याला लखलाभ. तू गाणी बंद कर आणि दारापासून लांबची जागा घे.

---

पेठेतला_परीक्षार्थी

धन्यवाद मॅडम. लांबची जागा आहे, पण तिथे पंखा पोचत नाही म्हणून ती नेहमी रिकामी असते. उद्यापासून तीच.